एका पाकिटातले दोन कागद

दत्ता, तुझ्या शोकसभेत मला बोलायला उभं केलं. मुख्याध्यापकांनी टेबलावर तुझा फोटो ठेवला, त्याला हार घातला आणि शेजारी एक कोरा करकरीत फुटबॉल मांडला. तो कुठून पैदा केला कोण जाणे. तू हयात असताना मागून मागून तुझी जीभ झिजली, तेव्हा एक मिळाला नाही. मी पाच मिनिटं बोललो. विद्यार्थीप्रिय, मनमिळाऊ, खेळाची आवड, अशा वेळी जे बोलतात ते सगळं बोलून झालं. बायकांनी पदर डोळ्याला लावले. तू असतास तर मागून म्हणाला असतास, "आटप बे भास्कर, चहा निवायलाय."

एक गोष्ट तेवढी बोललो नाही. आठ वर्षं तुझ्या तोंडावर बोललो नाही, ती तुझ्या फोटोपुढं बोलायची हिंमत कुठून आणू? म्हणून लिहायला बसलोय. तू वाचणार नाहीस हे मला कळतं. मी मराठीचा मास्तर आहे, खुळा नाही.

त्या साली आपल्या देशात फुटबॉलचा वर्ल्ड कप भरणार होता. सतरा वर्षांखालच्या पोरांचा, पण वर्ल्ड कपच. सामने दिल्लीला, कोलकात्याला, नवी मुंबईला, आणि वारं सुटलं ते थेट आपल्या माळावरच्या शाळेपर्यंत. परिपत्रक आलं, की अमुक दिवशी राज्यातल्या यच्चयावत पोरांनी फुटबॉल खेळायचा आणि त्याचे फोटो वर पाठवायचे. सोबत तीन चेंडू आले. आपल्याकडं तोवर कबड्डी, खो-खो आणि शिक्षा म्हणून पळणं, एवढे तीनच खेळ. तू चेंडू हातात घेतलास, नाकाशी धरलास आणि म्हणालास, "कसा वास येतो बे, नव्या बुटावानी." चाळिशी ओलांडलेला माणूस, टक्कल पडायला लागलेलं, आणि चेंडूचा वास घेतोय.

मी आपलं माझ्या स्वभावाप्रमाणे म्हणालो, की आधी कपाटात ठेव, तपासणीला कोणी आलं आणि चेंडू फाटका दिसला तर उत्तर कोण देणार. त्यावर तू काय म्हणालास ते मी अजून लोकांना सांगतो. म्हणालास, "कपाटातच ठेवायचा असता तर सरकारनं चेंडू कशाला, कपाटच पाठवलं असतं." आणि किल्ली स्वतःच्या खिशात घातलीस.

मग शाळेमागची जमीन. पोरांना रांगेनं उभं करून तू आठवडाभर गोटे वेचलेस. चुना मिळेना, तर गावातल्या चुलींची राख मागून आणलीस आणि रेषा आखल्यास. वाऱ्यानं त्या रोज उडून जायच्या आणि तू रोज नव्यानं आखायचास. गोलाला बांबू रोवले आणि जाळी म्हणून स्वतःच्या घरातली मच्छरदाणी बांधलीस. वहिनी त्यावरून महिनाभर बोलत होत्या. तिसऱ्या दिवशी चेंडूत बाभळीचा काटा घुसला. आपण तो गाडीवर मधे धरून सिरसाळ्याला पंक्चरवाल्याकडं नेला. त्यानं उलटापालटा करून बघितला आणि गंभीरपणे विचारलं, "गुरुजी, हे ट्यूबलेस हाय का?" परत येताना तू इतका हसत होतास की गाडी एकदा रस्त्याकडेच्या चारीत गेली.

आणि तो दिवस. गावात पताका लागल्या, लाऊडस्पीकर आला. सभापती आले, पांढऱ्या कपड्यांत. त्यांनी चेंडूला लाथ मारून उद्घाटन करायचं होतं. लाथ मारली, चेंडू जागचा हलला नाही आणि पायातली चप्पल मात्र भिंतीपलीकडं गेली. पोरं हसू दाबून दाबून लाल झाली. सरपंचाचा म्हातारा बाप खुर्चीत बसून मोठ्यानं विचारत होता, "पायानंच खेळायचं तर देवानं हात कावून दिले?" मी इतक्या वर्षांत गावाला एवढं खूश बघितलं नव्हतं. जत्रेतसुद्धा नाही. हे सगळं तुझ्यामुळं झालं हे मी त्या दिवशी तुला सांगायला हवं होतं. मी काय सांगितलं, तर म्हणे स्पीकरची वायर नीट गुंडाळून ठेव.

त्या दिवशी तीन गोल झाले, तिन्ही शीतलनं केले. सातवीतली शीतल, किसनची पोरगी. मायबाप ऊसतोडीला जाणारे, दसरा झाला की टोळीबरोबर निघायचे आणि ही त्यांच्यासोबत. फडात बाप तोडायचा, माय मोळी बांधायची आणि ही डोक्यावर मोळी घेऊन अरुंद फळीवरून ट्रकमध्ये चढायची. तिच्या खेळाचं मर्म तूच मला समजावलं होतंस. म्हणालास, "फळीवरून मोळी घेऊन चढणारी पोरगी हाय ती. तिचा तोल कोण काय घालवणार?" खरंच, तिला ढकललं तरी ती पडायची नाही. अनवाणी पायांत चेंडू असा राहायचा जसा घरचाच.

पंधरा दिवसांनी दुसरा कागद आला. जिल्ह्यातून काही निवडक पोरं वर्ल्ड कपचा सामना बघायला नवी मुंबईला नेणार, प्रत्येक शाळेनं एक नाव कळवावं. तू नाव लिहिलंस शीतलचं. अडचण एकच होती. तिची टोळी दसऱ्याच्या तिसऱ्या दिवशी हलणार होती आणि सामने दसऱ्यानंतर. तू किसनच्या घरी गेलास, मलाही ओढून नेलंस. किसन म्हणाला, "सर, पोरगी मागं ठिवायची म्हंजी जिवाला घोर. तिची माय फडात आसंल, पर ध्यान समदं हितं."

"ईस दिसाचा सवाल हाय, किसन," तू म्हणालास. "चुलतीपशी राहू दे. मुंबई दाखवतो आन् तुपल्या फडावर सोता आणून सोडतो. मपल्यावर भरोसा हाय न्हाई?"

भरोसा होता. म्हणून तर ती राहिली. टोळी गेली त्या दिवशी ट्रकमागं सगळी पोरं रडत होती आणि ही एकटी हसत होती.

आता ते सांगतो, ज्यासाठी हे लिहायला घेतलं.

आपल्या शाळेत दरसाल दसऱ्याच्या आधी एक यादी करावी लागते, हंगामात मायबापाबरोबर जाणाऱ्या पोरांची. नावापुढं 'स्थलांतरित' असं लिहायचं आणि यादी वर पाठवायची. ते काम माझ्याकडं. मी काय करायचो ते तुला माहीत होतं. गेल्या सालची यादी पुढं ठेवायची आणि उतरवून काढायची. पोरं तीच, घरं तीच, बदलायचं काय? तू मला बजावलं होतंस. जिन्यात उभा राहून म्हणालास, "भास्कर, शीतलचं नाव यंदा काढ. थांबायलीय ती." मी 'हो' म्हणालो. आणि विसरलो. यादी उतरवली, सही ठोकली. त्याच दिवशी तुझा निवडीचा कागदही तयार होता, म्हणून दोन्ही एकाच पाकिटात घातले. तुझ्या कागदावर एकच नाव, शीतल. माझ्या कागदावर शीतल, पुढं माझ्या वळणदार अक्षरात 'स्थलांतरित'. ऑफिसातल्या माणसानं काय समजायचं? पोरगी गावातच नाही, मग मुंबईला कशी न्यायची? त्यानं नाव कापलं. त्याच्या जागी मी असतो तर मीही कापलं असतं.

निवडलेल्यांची नावं आली त्यात ती नव्हती. तू गाडी काढून तालुक्याला निघालास तेव्हा मी कपाट उघडून माझ्याकडची प्रत बघितली. ती घडी घालून परत आत ठेवली. तू संध्याकाळी तालुक्याच्या ऑफिसातून आलास, पाणी प्यालास. मी म्हणालो, "वरूनच कापलं असणार. आपल्या खेड्यातल्या पोरांना कोण नेतंय." तू माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालास, "व्हय, तसंच आसंल." मला वाटलं, सुटलो.

वर्ल्ड कप तिनं तुझ्या मोबाईलवर बघितला. शाळेच्या ओट्यावर, भिंतीला मोबाईल टेकवून. आपला देश सगळे सामने हरला, एकच गोल केला. त्या गोलाला तू टाळ्या वाजवल्यास, तिनं नाही. नवी मुंबईचा सामना लागला तेव्हा कॅमेरा खुर्च्यांवरून फिरत होता, शाळेचे गणवेश घातलेली पोरं हात हलवत होती. शीतल पडद्याच्या अगदी जवळ गेली आणि खुर्च्या बघत राहिली. खेळ बघतच नव्हती. मी उठून वर्गात गेलो आणि फळा पुसला. फळा आधीच पुसलेला होता.

तोवर गावानं तोंड उघडलं होतं. मायबाप नाहीत, वयात आलेली पोरगी मागं ठेवली, मास्तरासंगं मुंबईला निघालती म्हणे. आपल्या लोकांच्या जिभेला हाड नाही. दिवाळी झाली आणि तू दिलेला शब्द पाळलास, एस्टीनं तिला पार कारखान्याच्या फडावर सोडून आलास. पण बोलणं तुझ्या आधी फडावर पोचलं होतं. त्याच टोळीत एक घर होतं, पोरगा कर्ता झालेला पण जोडीला बायको नाही. आपल्याकडं नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकट्याला मुकादम उभा करत नाही. किसनला पोरीची नाचक्की मिटवायची होती, त्यांना कोयता पुरा करायचा होता. फडातच ठरलं. वैशाखात लग्न. चौदा पुरी नव्हती.

तुला कळलं तेव्हा तू माझ्या दारात आलास. "चल, अडवू. ग्रामसेवकाला घेऊ, न्हाई तर पोलिसात जाऊ." मी म्हणालो, परीक्षेचं काम आहे. वैशाखात कसली परीक्षा, हे तू विचारलं नाहीस. एकटाच गेलास. त्यांनी लग्न एक दिवस अलीकडं ओढलं होतं. तू पोचलास तेव्हा जेवणं चालली होती आणि त्यांनी तुलाही पानावर बसवलं.

शाळेमागं आता पाण्याची टाकी झालीय, उरलेल्या जागेत गाजरगवत. गोलाचा एक बांबू कोणीतरी गोठ्याला नेला. पहिला चेंडू काट्यांनी गेला, दुसरा विहिरीत, तिसऱ्याचं नुसतं कातडं राहिलं. तू दरसाल अर्ज करायचास. ज्यांनी लाऊडस्पीकर लावून फुटबॉल आणला होता त्यांचं उत्तर कधी आलं नाही. वर्ल्ड कप आला आणि गेला, माणसं पुढच्या कामाला लागली. पोरं पुन्हा कबड्डी खेळतात. तू मधल्या सुट्टीत टाकीच्या सावलीला उभा राहायचास, उगाच.

आणि मी तुझ्याशी भांडायचो. याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते. गप्प बसलो असतो तर निदान भित्रा ठरलो असतो. पण मी तुलाच झोडपलं. दर दोन-चार महिन्यांनी, डबा खाताना, काही ना काही निमित्त काढून. ऊसतोडीच्या पोरांना स्वप्नं कशाला दाखवावीत, अंथरूण बघून पाय पसरायला शिकवावं, तुझ्या हौसेपायी काय झालं बघ. मागच्या साली तर बोलून गेलो, "त्या पोरीचं वाटोळं तू केलंस, दत्ता." तू घास खाली ठेवलास. मला वाटलं, आता उठून मारतो हा. तू म्हणालास, "तुला तसं वाटतं?" मी म्हणालो, "सगळ्या गावाला वाटतं." तू डबा झाकलास. दुसऱ्या दिवशी येताना माझ्यासाठी ठेचा आणलास, जास्तीचा, वहिनींना सांगून.

असाच होतास तू. माझा बाप अंबाजोगाईला दवाखान्यात पडला तेव्हा दोन महिने माझे तास तू घेतलेस. मी परत येऊन पोरांना विचारलं, मराठी कोण चांगलं शिकवतं, तर लबाडं म्हणाली दत्ता सर. तुला मराठीत धड पत्र लिहिता येत नव्हतं. मी तुझे कधी आभारसुद्धा मानले नाहीत. आपल्यात तशी पद्धत नव्हती असं मी समजत होतो.

मग एका सकाळी प्रार्थनेच्या आधी तुझ्या छातीत कळ आली, आणि मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. परवा तुझा तेरावा झाला. शीतल आली होती. मी तिला आधी ओळखलं नाही. एकवीस-बावीसची असेल, पण चेहरा पस्तिशीचा, तळहात कोयत्यानं चिरलेले, सोबत पाच वर्षांची पोरगी. तिनं वहिनींच्या गळ्यात पडून रडून घेतलं आणि हातपंपावर तोंड धुवायला आली. तिथं मी होतो. मनात आलं, दत्ताला सांगायचं राहिलं, निदान हिला तरी सांगावं. पुढच्या महिन्यात ही पुन्हा फडावर जाईल आणि मग मी पुन्हा विसरल्यासारखं करीन. मी पंप हापसत होतो आणि हापसता हापसता सगळं सांगून टाकलं. यादी, पाकीट, कापलेलं नाव.

तिनं पदरानं तोंड पुसलं. म्हणाली, "मला ठावं हाय, सर."

"कोणी सांगितलं?"

"दत्ता सरांनी. मला फडावर सोडायला आलते, तवाच एस्टीत. मी लई रडायलते. म्हणलं, सर, मी चांगलं खेळत नव्हते का, कावून न्हाई नेलं मला? तवा ते म्हणले, शाळेतून तुपलं एकलीचंच नाव दिलतं. भास्कर सर यादीतून काढायचं इसरले. माणूस इसरतो, म्हणले."

मी विचारलं, "मग तो मला कधी बोलला का नाही?"

"मी बी तेच इचारलं. तर म्हणले, त्यानं सोताहून सांगावं. मी इचारलं तर त्यो खोटं बोलंल. आन् खोटं बोलला की मला त्याच्यासंगं बसून जेवता यायचं न्हाई. एकच तर दोस्त हाय मपला."

पोरगी तिचा पदर ओढत होती, भूक लागली म्हणून. तिनं तिला कडेवर घेतलं. "दरसाली कारखाना बंद झाला की मी शाळेत यायची सरांना भेटायला. तुमी तासावर आसायचे. मी इचारायची, सांगितलं का हो भास्कर सरांनी? ते म्हणायचे, अजून न्हाई. सांगंल. माणूस चांगला हाय."

मी म्हणालो, "शीतल, मला माफ कर."

"मपलं काय, सर," ती म्हणाली. "मी तर त्याच साली सोडून दिलतं. वाट तर ते बघायलते." शेवटची पंगत बसत होती. पोरीला घेऊन ती जेवायला गेली.

दत्ता, शीतलचं नाव यादीतून काढायला मी विसरलो. एवढं एकच वाक्य होतं.